जुन्या काळातल्या गुन्हेगारी कथेचा एक प्रसंग: दृश्यशैली आणि आवाज कसा तपासायचा

गुन्हेगारी कथेत प्रेक्षकाला सगळं एकदम सांगत नाहीत. काही गोष्टी आधी दिसतात, काही आधी नुसत्या ऐकू येतात, काही पात्राला कळलेल्या असतात आणि आपण अजून अंधारात असतो. प्रसंग तपासायचा म्हणजे हा हिशेब मांडायचा: कुणाला काय कळलं, कधी कळलं आणि डोळ्यांनी की कानांनी. कथा जुन्या काळातली असली की हिशेब आणखी रंगतो. कंदिलाचा उजेड चार हातांपलीकडे पुरत नाही, फोन अख्ख्या पेठेत एखादा, गिरणीचा भोंगा झाला की कानाशी बोललेलंही कळत नाही. रहस्य याच अडचणींवर उभं राहतं. म्हणून "काळ छान उभा केलाय" म्हणून पुढे जाणारं परीक्षण आम्हाला अर्धवट वाटतं. कंदील सुंदर दिसतो हे खरं, पण त्या कंदिलामुळे कुणाला काय दिसलं नाही, हे सांगायला हवं.

पुढची पद्धत दोन ते चार मिनिटांच्या एका प्रसंगासाठी आहे. नीट केलं तर तीन-चार तास जातात, तेही दोन बैठकांत. उदाहरणं सोलापूरची घेतली आहेत, कारण अशा कथांना लागणारं सगळं इथल्या गेल्या शतकात आहे: गिरण्या, मे-जून 1930 चा मार्शल लॉ (लष्करी अंमल), 1943 पासूनचं सुताचं नियंत्रण आणि त्यातून फोफावलेला काळाबाजार, 1948 पर्यंत नळदुर्गच्या अंगाला लागून असलेली निजामाची हद्द, 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतरच्या हातभट्ट्या.

प्रसंग कोणता घ्यायचा

ज्यात कुणाला तरी काहीतरी नव्याने कळतं तो घ्या. संशय येतो, पुरावा सापडतो, खोटं उघडं पडतं, किंवा प्रेक्षकाला कळतं आणि पात्राला नाही. 25 ते 45 शॉट असलेला प्रसंग सोयीचा (शॉट म्हणजे न तुटता दिसणारा एक तुकडा, आणि दोन शॉटमधला सांधा म्हणजे कट). पाठलागाच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. दीड-दोन मिनिटांत 80 कट असतात, वही भरते आणि हाती "वेगवान संकलन" यापलीकडे काही लागत नाही. चौकशीचा, झडतीचा किंवा वाट बघण्याचा प्रसंग उत्तम.

प्रसंग जिथे सुरू होतो आणि संपतो त्याच्या अलीकडचे-पलीकडचे दहा-दहा सेकंदही घ्या. जागा किंवा वेळ बदलली की चित्र तुटतं, पण आवाज बऱ्याचदा हद्द ओलांडतो. पुढच्या प्रसंगातल्या आगगाडीची शिट्टी या प्रसंगाच्या शेवटच्या चेहऱ्यावर आलेली असते. नेमकं चित्राच्या कटवर कापलंत तर ते निसटेल.

आधी यंत्र नीट लावा

कंटाळवाणं काम आहे, पण निम्म्या चुका इथेच होतात. टीव्हीवर बघत असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. ती चालू असली की सेकंदाला 24 फ्रेमचा, म्हणजे 24 स्थिर चित्रांचा, चित्रपट मालिकेसारखा दिसतो आणि कॅमेऱ्याच्या हालचालीबद्दल तुमचं मत चुकतं. रंग "व्हिव्हिड"वर नको, "सिनेमा" किंवा "फिल्ममेकर"वर ठेवा. मोबाइलवर रात्रीचा पिवळा फिल्टर आणि आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेस बंद. हे विसरून "संपूर्ण प्रसंगाला पिवळसर छटा आहे" असं लिहिणारे कमी नाहीत.

आवाजासाठी वायरचे हेडफोन. मोबाइलच्या स्पीकरमधून खालच्या पट्टीतले आवाज जवळपास गायब होतात, आणि ताण वाढवणारी घुमघुम नेमकी तिथेच असते. ब्लूटूथला थोडा उशीर असतो. प्लेअर तो बहुतेक वेळा सांभाळून घेतो, पण कट आणि आवाज यांतलं अंतर मोजताना त्यावर भिस्त ठेवू नका. "संवाद स्पष्ट करा" छापाची सोयही बंद. आणि पंखा बंद. खोलीची शांतता ऐकायची असेल तर त्याला इलाज नाही, म्हणून सोलापुरात मार्च ते जून हे काम पहाटे उरकलेलं बरं.

संगणकावर व्हीएलसी असेल तर "ई" या इंग्रजी अक्षराची कळ एकेक फ्रेम पुढे नेते आणि शिफ्टसोबत बाणाची कळ तीन सेकंद मागे-पुढे. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी फ्रेम सरकते. ओटीटीवरचा स्क्रीनशॉट सहसा काळा येतो. त्यावर फार डोकं न लावता वहीत काडीची माणसं आणि चौकोन काढा. चित्र काढताना फ्रेममध्ये कोण कुठे आहे हे हाताने ठरवावं लागतं, त्यामुळे स्क्रीनशॉटपेक्षा जास्त दिसतं.

चार फेऱ्या

पहिल्या फेरीत पेन खाली. सलग बघा आणि संपल्यावर आठवणीतून चार-पाच ओळी लिहा: काय घडलं, छातीत कुठे धस्स झालं, कुणाची बाजू घ्यावीशी वाटली. हा कागद बाजूला ठेवून द्या. शेवटी तुम्हाला हेच समजावून द्यायचं आहे, की अमुक ठिकाणी धस्स का झालं.

दुसरी फेरी आवाज पूर्ण बंद करून. संवाद गेले की डोळा चेहऱ्यावरून सुटतो आणि फ्रेमच्या कडांकडे, दारांकडे, हातांकडे जातो. कोण आधी बसलं, कोण उजेडात आहे, कोण दुसऱ्याच्या सावलीत उभं आहे, हे आता दिसेल. संवाद माहीत नसताना सत्ता कुणाकडे वाटते ते लिहून ठेवा. पुढे संवाद उलटंच सांगत असतील तर तिथे काहीतरी मुद्दाम केलेलं आहे.

तिसरी फेरी पडद्याकडे पाठ करून. ही सगळ्यात अवघड, आणि लोक हीच टाळतात. पहिल्यांदा ऐकताना फक्त संवादच ऐकू येतात, कारण कानाला अर्थ हवा असतो. म्हणून तीनदा ऐका. एकदा माणसांचे आवाज. एकदा पावलं, कपड्यांची सळसळ, भांडी, कड्या-कोयंडे. एकदा या सगळ्यांच्या मागे जे सतत चालू आहे ते. तिसऱ्या ऐकण्यात एक प्रश्न धरून ठेवा: मागचा आवाज कुठे बदलतो? तो जिथे अचानक कमी होतो किंवा थांबतो ती वेळ सेकंदासकट लिहा.

चौथी फेरी शॉट-शॉट थांबवत, वहीसह.

शॉटची वही

आडव्या पानावर सात रकाने: शॉटचा क्रमांक, सुरू-संपल्याची वेळ, फ्रेममध्ये किती दिसतं, कॅमेरा, उजेड, आवाज, आणि शेवटचा "कुणाला काय कळलं". पहिल्या सहा रकान्यांत फक्त दिसतं-ऐकू येतं तेच. "भीतीदायक", "उदास" असले शब्द तिथे आले की खोडा. सातवा रकाना बहुतेक शॉटना रिकामाच राहतो, तो ओढूनताणून भरू नका.

फ्रेमसाठी ठरलेल्या खुणा वापरा: डोळे किंवा हात एवढंच असेल तर अति-क्लोज, चेहरा असेल तर क्लोज, कमरेपर्यंत मिड, अख्खा माणूस लाँग, माणूस जागेत हरवलेला असेल तर अति-लाँग. कॅमेरा डोळ्यांच्या वर आहे की खाली, स्थिर आहे, जागेवरून वळतोय की स्वतः सरकतोय. वळणं आणि सरकणं यांत घोटाळा होतो. जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकांवरून सरकल्या तर कॅमेरा सरकलाय; त्यांचं आपसातलं स्थान तेच राहिलं तर नुसता वळलाय. झूम म्हणजे पुढे जाणं नव्हे हेही याच कसोटीने कळतं.

शॉट मोजून झाले की प्रसंगाचे सेकंद भागिले शॉट, म्हणजे सरासरी लांबी. हा एकच आकडा फार काही सांगत नाही. प्रसंगाचे दोन-तीन तुकडे करून प्रत्येकाची सरासरी काढा. ती जिथे बदलते तिथे बहुतेक वेळा सातव्या रकान्यातही काहीतरी लिहिलेलं असतं.

उजेड कुठून येतो

प्रत्येक शॉटमध्ये दोन प्रश्न. उजेड कुठून येतोय असं दाखवलंय? आणि खरा कुठून येतोय? जुन्या काळाच्या कथेत फ्रेममध्ये कंदील, समई, गॅसबत्ती, पिवळा बल्ब ठेवलेला असतो, पण चेहरा उजळतो तो फ्रेमबाहेरच्या दिव्याने. ओळखायचं सावल्यांवरून. कंदील जमिनीवर असेल तर सावल्या भिंतीवर वर चढायला हव्यात आणि नाकाची सावली कपाळाकडे जायला हवी. सावली हनुवटीकडे पडत असेल तर वर दिवा लावलेला आहे. अंतरही बघा: दिव्यापासून दुप्पट लांब गेलं की उजेड साधारण चौथाई उरतो. एका हातावरचा आणि चार हातांवरचा माणूस सारखाच उजळ असेल तर मदतीचा दिवा नक्की आहे. डोळे बारीक करून बघितलं की फ्रेममधले फक्त गडद आणि उजळ भाग उरतात, मग हा फरक चटकन कळतो.

अशी फसवणूक सापडली म्हणून हुरळून जायचं कारण नाही, ती सगळेच करतात. ती कुणासाठी केली हे बघा. संशयिताचा चेहरा नियम मोडून उजळला असेल तर दिग्दर्शकाला त्याचे डोळे आपल्याला दाखवायचे होते. फौजदाराचा चेहरा कंदिलासमोर असूनही अर्धा काळा ठेवला असेल तर तेही ठरवून.

रंगासाठी थोडे आकडे. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात; आकडा लहान तितका उजेड पिवळा-नारिंगी, मोठा तितका निळसर. कंदिलाची ज्योत 1900 केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे नारिंगी. घरगुती टंगस्टन बल्ब 2700-2800. दुपारचं ऊन 5500 च्या घरात. कॅमेरा बल्बच्या रंगाला जुळवला की बल्ब पांढरा दिसतो आणि खिडकीतली पहाट निळी. चौकशीच्या खोलीत निळी खिडकी आणि पिवळं टेबल दिसलं तर बाहेर उजाडलंय, म्हणजे माणूस रात्रभर बसवून ठेवलाय, हे एका शब्दाशिवाय कळतं. याउलट सगळ्या पटावर सरसकट तपकिरी छटा ओढणं ही आमच्या मते आळशी सवय आहे. 1930 चं सोलापूरचं ऊनही आजच्याइतकंच पांढरं आणि डोळ्यांत खुपणारं होतं. तपकिरी रंग फक्त "हे जुनं आहे" एवढंच सांगतो आणि त्या उन्हाचा कथेला होणारा उपयोग, म्हणजे बाहेरून आत आलेल्या माणसाला काही क्षण काहीच न दिसणं, घालवून बसतो.

घरांचं सांगायचं तर माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात खिडक्या थोड्या आणि लहान, उजेड दारातून किंवा वरच्या झरोक्यातून. झरोक्याचा उभा झोत खोलीत एकच जागा उजळतो. पात्र त्या जागेत कधी येतं आणि कधी टाळतं याची वेगळी नोंद ठेवा. माळवदावर कुणी चाललं तर पावलांचा आवाज दबका येतो आणि खाली माती गळते. अशा घरात डोक्यावर लाकडी फळ्यांची करकर ऐकू आली तर ती आवाजाच्या तयार साठ्यातून उचललेली आहे, आणि गळणाऱ्या मातीची फुकटची युक्ती वाया गेली आहे.

काळाच्या खुणा, पण बेताने

काही तारखा हाताशी असलेल्या बऱ्या. 1 एप्रिल 1957 आधी व्यवहार आण्यांत, सोळा आण्यांचा रुपया. किलोची वजनं 1958 पासून पुढे, त्याआधी शेर आणि मण. गाडीच्या पाटीवर एमएच हे 1989 नंतरचं. ट्यूबलाइट बाजारात आली 1938 साली, तीही अमेरिकेत. 1 मे 1960 आधी महाराष्ट्र राज्य नाही, त्यामुळे सरकारी कागदावर मुंबई इलाखा किंवा मुंबई राज्य हवं. इंग्रजी पाट्यांवर गावाचं नाव "शोलापूर" असं दिसेल.

चुका शोधण्याचा नाद मात्र लागतो. मागे सिमेंटचा विजेचा खांब दिसला हे पकडून आनंद होतो, पण त्याने प्रसंगाबद्दल काहीच कळत नाही. वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि पुढे चला. कामाच्या खुणा वेगळ्या असतात. मार्शल लॉच्या दिवसांत गांधी टोपी घालून रस्त्यावर येणं धोक्याचं होतं, तेव्हा त्या काळातल्या प्रसंगात कुणी टोपी काढून सदऱ्यात कोंबतो, कुणी ती तशीच ठेवतो, यावरून माणूस कळतो. 1943 च्या नियंत्रण आदेशानंतर घरात सुताचे गठ्ठे रचलेले दिसणं हाच संशयाचा मुद्दा होता. वेशभूषा आणि वस्तू तपासताना ही एक कसोटी पुरते: ती वस्तू काढून टाकली तर कुणाला काही कळायचं राहील का? राहत नसेल तर ती सजावट, एका ओळीत उरका.

आवाजाची पट्टी

कागदावर पाच आडव्या पट्ट्या आखा: बोलणं, माणसांच्या हालचालीचे आवाज, जागेचा सततचा आवाज, नेमके खास आवाज (दार, गोळी, फोन, भोंगा), संगीत. 10 सेकंदांना दीड सेंटिमीटर धरला तर 160 सेकंदांचा प्रसंग 24 सेंटिमीटरमध्ये, म्हणजे आडव्या ए-फोर कागदावर मावतो. वर शॉटचे कट उभ्या रेघांनी दाखवा. आता आवाज कुठे कटच्या आधी सुरू होतो आणि कुठे कटनंतर रेंगाळतो ते नजरेत भरेल. पुढच्या शॉटचा आवाज आधी आला तर प्रेक्षक कानाने पुढे गेलेला असतो. मागचा रेंगाळला तर पात्र मनाने अजून मागेच आहे, असं बऱ्याचदा असतं. नेहमीच नाही. कधीकधी संकलकाने नुसता कट झाकलेला असतो.

मग प्रत्येक आवाजाला विचारा: हा पात्रांना ऐकू येतोय का? संगीत बहुधा नाही, पण ग्रामोफोन असेल तर हो, आणि जुन्या यंत्रांना मर्यादा असतात. दहा इंची 78 फेऱ्यांची तबकडी एका बाजूला तीनेक मिनिटं चालते. चार मिनिटांच्या न तुटणाऱ्या प्रसंगात तीच बाजू वाजत राहिली तर वेळेत काटछाट केलीय किंवा कुणाचं लक्ष नाही. चावी उतरत आली की सूर खाली घसरतो. व्हॉल्व्हचा रेडिओ तापायला वेळ घेतो. खटका दाबताच बातम्या सुरू झाल्या तर तिथे ताणायला मिळालेला अर्धा मिनिट सोडून दिला. गॅसबत्ती फुसफुसते, आणि हवा कमी झाली की फुसफुस आणि उजेड दोन्ही मंदावतात. लांबलेल्या चौकशीत ही फुसफुस हळूहळू उतरवली असेल तर घड्याळ न दाखवता वेळ गेलेली कळते. तुमच्या पट्टीवर ही उतरती रेघ दिसायला हवी.

माग हा सोलापूरच्या कथेतला सगळ्यात मोठा आवाज. धोट्याचा (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्याचा) साधा यंत्रमाग मिनिटाला शंभराच्या वर फटके मारतो आणि एका शेडमध्ये असे अनेक. तिथे माणसं कानाशी तोंड नेऊन किंवा हातवाऱ्यांनी बोलतात. चालू शेडमध्ये दोघं कुजबुजतात आणि आपल्याला शब्दन्‌शब्द ऐकू येतो, असा प्रसंग असेल तर आवाज मिसळणाऱ्याने माग कुठे खाली आणला ती वेळ शोधा. तो एकदम खाली आला की सावकाश? आणि कुणाच्या क्लोज-अपवर? ज्याच्या चेहऱ्यावर माग मंदावतो त्याच्या कानात आपल्याला बसवलेलं असतं. तुलनेला खरा आवाज हवा असेल तर अशोक चौक, साखर पेठेकडच्या एखाद्या कारखान्यात कारखानदाराला विचारून मोबाइलवर दोन मिनिटं ध्वनिमुद्रण करा, एक शेडच्या आत, एक गल्लीच्या तोंडाशी. धोट्याचेच माग आहेत ना ते आधी विचारा. रॅपियर या बिनधोट्याच्या मागाचा आवाज वेगळा.

जागेचा घुमारा आणखी एक गोष्ट सांगतो. सुताच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या गोदामात आवाज मुरतो, बोलणं कोरडं आणि जवळचं वाटतं. तेच गोदाम रिकामं झालं की दगडी भिंतींवरून आवाज परत येतो. दाराबाहेर उभ्या फौजदाराची हाक आत घुमली तर माल गेलाय हे दार उघडण्याआधी कळायला हवं. असं केलेलं सापडलं तर त्या आवाज-विभागाला सलाम करा, कारण सहसा दोन्ही वेळा एकच घुमारा लावलेला असतो.

गर्दीचे आवाज नीट ऐका. सोलापूरच्या पेठेत मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड, दखनी कानावर पडायलाच हवी. मागे सगळेच पुस्तकी मराठीत कुजबुजत असतील तर गर्दी एका स्टुडिओत चार जणांनी उरकलीय. आणि भाषा हेही माहिती लपवायचं साधन आहे: दोन विणकर तेलुगूत एक वाक्य बोलतात, फौजदाराला कळत नाही, प्रेक्षकांतल्या काहींना कळतं. उपशीर्षक दिलंय की मुद्दाम दिलेलं नाही, हे नोंदवा. रात्रीच्या माळरानावर घुबड आणि कोल्ह्याचा तयार आवाज टाकायची खोड आहे. आपल्याकडच्या माळावर रात्री माणूस चालला की टिटवी ओरडते. ती ओरडली तर कुणीतरी येतंय, हे कोणत्याही राखणदाराला कळतं.

एक तांत्रिक टीप. कायदेशीररीत्या हाती असलेली फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या खालच्या-वरच्या पट्ट्या दाखवणारं चित्र) बघितला तर कानाला न जाणवणारी खालची घुमघुम तळाशी पट्ट्यासारखी दिसते. 50 किंवा 100 हर्ट्झवर सरळ बारीक रेघ दिसली तर ती बहुधा विजेची गुणगुण आहे. कंदिलाच्या काळातल्या खोलीत ती असेल तर चित्रीकरणाच्या जागेवरून शिरलीय; तिला "अस्वस्थ करणारी ध्वनिरचना" म्हणू नका.

एक नमुना

हा प्रसंग बनवलेला आहे, पद्धत दाखवण्यापुरता. 1946, चाटी गल्लीमागचं गोदाम, रात्र. मुनीम चोरीच्या सुताचे गठ्ठे मोजतोय. एकूण 160 सेकंद, 32 शॉट. वहीतल्या पहिल्या सात नोंदी:

शॉट 1, 00:00–00:14. लाँग, स्थिर. जमिनीवर एक कंदील, सावल्या भिंतीवर वर. दूरवर गिरणीची धडधड. मुनीम मोजतो, "बावीस, तेवीस".
शॉट 2, 00:14–00:19. हाताचा क्लोज. खडूची रेघ गठ्ठ्यावर. खडूची किरकिर जवळून.
शॉट 3, 00:19–00:26. मुनीम मिड, एक बाजू उजळ. मोजणं चालू.
शॉट 4, 00:26–00:31. अति-लाँग, दार मागे अंधारात. मुनीम लहान. कळलं: दाराकडे त्याची पाठ आहे (प्रेक्षकाला).
शॉट 5, 00:31–00:38. दाराच्या कडीचा अति-क्लोज. 00:33 ला भोंगा. 00:35 ला कडी हलते, तिचा आवाज नाही. कळलं: कुणीतरी आलंय (प्रेक्षकाला, डोळ्यांनी).
शॉट 6, 00:38–00:47. मुनीम मिड. ओठ हलतात, आकडा ऐकू येत नाही, फक्त भोंगा.
शॉट 7, 00:47–01:05. तीच फ्रेम, कॅमेरा सावकाश पुढे. 00:52 ला भोंगा थांबतो, धडधडही नाही. मुनीम "एकतीस" म्हणून थांबतो. एक श्वास, त्याचा नाही. कळलं: मुनिमाला, कानांनी.

पहिल्या सात शॉटची सरासरी नऊ सेकंदांहून थोडी जास्त, उरलेल्या 25 ची चारच्या खाली. वेग कधी बदलला? मुनिमाला कळल्यावर. प्रेक्षकाला कळलं तेव्हा, शॉट 5 ला, संकलन बदललं नाही. उलट शॉट 7 हा सगळ्यात लांब. म्हणजे प्रेक्षकाला माहिती देऊन 17 सेकंद गप्प बसवलंय, 00:35 ते 00:52. धस्स होतं ते या 17 सेकंदांत, आणि भोंगा हेच त्याचं यंत्र: त्याने कडीचा आवाज गिळला आणि थांबल्यावर श्वास उघडा पाडला. कंदिलाचं कामही आता सांगता येतं. तो जमिनीवर ठेवला म्हणून दार अंधारात राहिलं. हातात असता तर मुनीम वळताच सगळं उजळलं असतं.

एक शंका राहते. भोंग्यासोबत गिरणीची धडधड का थांबली? भोंगा पाळी सुटल्याचा असेल तर कारण कथेतच आहे. पाळी सुटल्याचं आधी कुठे दाखवलं नसेल तर ही शांतता मुनिमाच्या कानातली. कोणतं ते मागच्या प्रसंगांवरून ठरवा, आणि ठरत नसेल तर दोन्ही शक्यता लिहा.

लिहायला बसल्यावर

शॉटच्या क्रमाने लिहू नका, वाचणारा पाचव्या शॉटला झोपतो. जिथे माहिती हात बदलते तो क्षण आधी मांडा, मग तिथवर कसं आणलं ते, मग नंतरचा परिणाम. तीन-चार मिनिटांच्या प्रसंगाला 700-900 शब्द पुष्कळ झाले. "प्रकाशयोजना अप्रतिम असून तणाव निर्माण होतो" या वाक्यात वेळ नाही, दिवा नाही, पात्र नाही; ते कोणत्याही चित्रपटाला चिकटवता येतं. त्याऐवजी: "00:35 ला कडी हलताना दिसते पण भोंग्यामुळे वाजत नाही, त्यामुळे मुनीम आणखी 17 सेकंद मोजत राहतो." दिग्दर्शकाच्या मनात काय होतं यावर पैजा लावू नका. पडद्यावर काय आहे आणि त्याने काय होतं, तेवढं पुरे.

पहिल्या फेरीचा बाजूला ठेवलेला कागद आता काढा. तिथे लिहिलेल्या प्रत्येक धस्सला वहीतली एखादी वेळ जोडता येते का बघा. एखादा उरला तर त्या जागेच्या आधीचे 20 सेकंद पुन्हा पडद्याकडे पाठ करून ऐका. चित्रात कारण सापडलं नाही की बहुधा मागचा सततचा आवाज तिथे बदललेला असतो. दोघं-तिघं मिळून करत असाल तर सातवा रकाना झाकून वह्या अदलाबदल करा आणि दुसऱ्याने तो स्वतः भरावा. दोघांच्या नोंदी जिथे जुळत नाहीत तो शॉट पुन्हा लावा, आधी आवाज बंद करून.